बेहड्याची ढोली

तुळशीराम सोमकुंवर सौंसरला लाईनमन होता. काटक अंगाचा, उंच माणूस. खांबावर तो असा चढायचा की खाली उभ्या असलेल्यांना वाटावं, हा जमिनीपेक्षा वरच जास्त सुखात आहे. तारेची त्याला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती घरात, इंदूला दिवस गेले की.

लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिलं मूल इंदूच्या माहेरी, लोधीखेड्याला झालं. ते पोटातच गेलेलं होतं. दुसरा मुलगा मात्र रडला, दूध प्याला, सात दिवस चांगला होता. आठव्या दिवशी त्याचा जबडा आवळला, अंग ताठ झालं, आणि दहाव्या दिवशी तुळशीरामनं त्याला दोन्ही हातांवर नेऊन जाम नदीच्या काठी मातीत ठेवलं. त्याचं नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं होतं. त्यानंतर इंदू वर्षभर कोणाच्या बारशाला गेली नाही.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिला तिसऱ्यांदा आठवा महिना लागला. या वेळी बाळंतपण माहेरी नको, इथंच करू, असं दोघांनी ठरवलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या रजनी सिस्टर वस्तीत यायच्या. त्यांनी इंदूला दोन सुया टोचल्या होत्या, लाल गोळ्या दिल्या होत्या आणि तुळशीरामला समोर बसवून सांगितलं होतं, "मागच्या वेळी लेकराला धनुर्वात झाला. याच सुया राहिल्या होत्या. या वेळी घाबरू नका." तुळशीरामला ते पटलं होतं. पण एक लेकरू मातीत ठेवून आलेल्या माणसाचा जीव एका गोष्टीवर ठरत नाही. त्याला आणखी काहीतरी हाताशी हवं असतं.

बाबासाहेबांची जयंती होऊन तीन दिवस झाले होते. विहारावर लावलेल्या दिव्यांच्या माळा तो उतरवत होता, तेव्हा वस्तीतली दाई वत्सलाबाई शिडीपाशी येऊन थांबली.

"तुळशीराम, खाली ये बरं. तुह्यासंग बोलाचं हाय."

तो उतरला.

"इंदूचं पोट पाह्यलं मी काल. मले काही ठीक नाही वाटून राहिलं. लेकरू आडवं लागते हाताले."

तुळशीरामच्या हातातली माळ तशीच लोंबकळत राहिली. "मंग काय करायचं, मावशी?"

"धनेशाचं तेल पाहिजे. नर धनेश, चोचीवर मोठं शिंग असते तो. त्याची चरबी कढवून पोटाले लावाची, मटणाचे दोन तुकडे खाऊ घालाचे. लेकरू सरळ होते अन् जगते. माह्या सासूनं किती जणींले देल्लं."

"जीव घ्या लागन ना, मावशी."

"अन् कोंबडा खाते तवा?" वत्सलाबाई म्हणाली. "तुह्या मनानं पाहाय. मी फक्त सांगून राहिली."

दर रविवारी याच विहारात तो वंदनेला मागच्या रांगेत उभा राहायचा. पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं. ते म्हणताना तो कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी त्यानं माळा गुंडाळून पोत्यात भरल्या.

धनेश कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं, हीच खरी अडचण होती. पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायचं काम सुरू होतं. नदीच्या अंगाला रघुनाथरावांची संत्र्याची बाग होती, आणि बागेच्या बांधावर एक जुना बेहडा. त्या बेहड्यावर राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा, चोचीवर शिंग असलेला तो पक्षी त्यानं रोज पाहिला होता. यायचा, खोडाला चिकटून थोडा वेळ बसायचा, पुन्हा उडून जायचा. तुळशीरामला वाटायचं, सालीतले किडे टिपत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सोबत्यांना जेवायला पुढं पाठवलं आणि झोळ्यातून गुलेल काढली. लहानपणी आंबे पाडताना त्याचा नेम चुकत नसे. पक्षी नदीकडून आला, खोडाला बिलगला. पहिलाच खडा मानेवर बसला. तो खाली पडला तेव्हा फडफडलाही नाही. फक्त त्याची चोच उघडली आणि तिच्यातून वडाची लाल, पिकलेली फळं एकामागून एक बाहेर घरंगळली. पाच-सहा असतील. एकही चावलेलं नव्हतं. तुळशीरामला ते विचित्र वाटलं. याला इतकी भूक होती तर यानं गिळली का नाहीत? पण थांबायला वेळ नव्हता. त्यानं पक्षी झोळ्यात टाकला आणि वर पक्कड, दोरी ठेवून झाकून टाकला.

वत्सलाबाईनं संध्याकाळी तेलाची बाटली आणि मटणाचा डबा दिला. "इंदूले सांगू नको," तुळशीराम तिला म्हणाला, "कोंबडा म्हणून सांगतो मी." इंदूलाही त्यानं तसंच सांगितलं. गावठी कोंबड्याची चरबी, दाईनं कढवून दिली, रोज पोटाला लाव. इंदूनं बाटली उघडून वास घेतला, नाक मुरडलं, आणि हो म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी फ्यूज गेल्याची तक्रार आली म्हणून तो पुन्हा रघुनाथरावांच्या बागेत गेला. मृगाच्या बहारासाठी बाग ताणावर सोडलेली होती. पाणी बंद, पानं मलूल. बागेचा राखणदार मोतीराम बेहड्याखाली मान वर करून बसला होता. सत्तरीचा म्हातारा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, राहणं बागेतल्याच खोपटीत.

"काय पाहून राहिले, काकाजी?"

"धनेशीण," मोतीराम म्हणाला. "मरते आता ते."

"कुठं हाय? मले तं नाही दिसत."

म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. दोन माणसं उंच जागी खोडात एक ढोली होती, पण तिचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. मध्ये बोटभर रुंद, उभी फट. त्या फटीतून पिवळसर चोचीचं टोक बाहेर आलं, थोडं हललं आणि आत गेलं.

"होळीच्या आठ दिवस आधी आत गेली ते," मोतीराम सांगू लागला. "नरानं चिखल आणून देल्ला, तिनं आतून दार लिपून घेतलं. साप नाही, माकड नाही, काही आत जाऊ शकत नाही. आत बसून पंखाचे मोठे पिसं गाळून टाकते ते. उडताच येत नाही तिले. अंडे उबवणं, पिल्लं सांभाळणं, ढोली साफ ठेवणं, हे तिचं काम. अन् खायाचं सगळं नरावर. तिचंही, पिल्लांचंही. दिवसातून वीस खेपा करे तो. गळ्यात फळं भरून आणे अन् एक एक काढून फटीतून देये. मी मोजत बसो. मले दुसरं काम काय हाय?"

तुळशीरामला चोचीतून घरंगळलेली ती लाल फळं आठवली.

"परवा कोनं तरी मारला त्याले. इथंच. पिसं पडली होती, रक्त होतं. तवापासून ते चोच बाहेर काढते, वाट पाह्यते, आत घेते."

तुळशीरामनं सायकलजवळ टेकवलेली शिडी आणली आणि काही न बोलता बेहड्याला लावली. वर गेला. फटीला डोळा लावला तर आतला अंधार हलला आणि चोचीचा घाव त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. तो तसाच खाली आला, नदीकाठच्या वडाखाली पडलेली पिकली फळं रुमालात गोळा केली आणि परत वर गेला. एक फळ फटीत धरलं. तिनं घेतलं नाही. बोटाला चोच मारून ते खाली पाडलं. दुसरं पाडलं. तिसरंही.

"बोटं पाहून भेते ते," खालून मोतीराम म्हणाला. "चोचीसारखं काही पाहिजे."

त्या संध्याकाळी तुळशीरामनं बांबूची कांब मधोमध चिरून लांब चिमटा केला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास त्या चिमट्यात फळ धरून त्यानं फटीशी नेलं. बराच वेळ काही झालं नाही. त्याचे हात भरून आले. मग चिमट्याला हलकासा हिसका बसला आणि फळ आत गेलं. तुळशीराम शिडीवर तसाच कपाळ खोडाला टेकवून उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याचा नेम सुरू झाला. ड्यूटीच्या आधी एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, ड्यूटी सुटल्यावर एकदा. मोतीराम दिवसभर फळं वेचून ठेवायचा, नाकतोडे धरून पुडीत बांधायचा, एखादी पाल काठीनं मारून ठेवायचा. म्हाताऱ्याला वर चढता येत नव्हतं. गुडघे गेले होते. तुळशीराम एका खेपेला तीसतीस फळं चारायचा, तरी त्याला ठाऊक होतं की वीस खेपांची बरोबरी तीन खेपांनी होत नाही. आठव्या दिवशी फटीतून बारीक चिरका आवाज आला. एक, मग दुसरा. पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती.

"आता भूक वाढन," मोतीराम म्हणाला.

तशी ती वाढली. धनेशीण आधी फळ आत घ्यायची, मागं वळायची, पिल्लांना भरवायची, मग पुन्हा चोच बाहेर काढायची. स्वतः कधी खायची ते तुळशीरामला कधी कळलं नाही. ढोलीतली घाण ती फटीतून लांब उडवायची. एकदा त्याच्या शर्टावरच उडाली. तो हसला आणि हसताहसता त्याला एकदम रडू आलं. खाली मोतीराम होता म्हणून त्यानं तोंड वर केलं.

इंदूच्या लक्षात आलं नसतं तरच नवल. हाताला ओरखडे, बोटांना खपल्या, भुवईवर जखम.

"कुठं जाता वो तुमी पाह्यटेच?"

त्यानं अर्धं सांगितलं. बेहड्यात धनेशीण अडकली आहे, नर मेला, म्हणून चारतो. इंदू त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि खपल्यांवर तूप लावलं. दुसऱ्या दिवशी नळावर ती बायकांना सांगत होती आणि तुळशीराम घरात कपडे घालताना ऐकत होता. "माहा माणूस एका पक्षिणीचे लेकरं पोसून राहिला, बाई. बाप मेला त्यांचा. दिवसातून तीनदा शिडी लावते." तिच्या आवाजात इतका अभिमान त्यानं सात वर्षांत ऐकला नव्हता. तो मागच्या दारानं निघून गेला.

"बाळ झालं का मले दाखवा," ती म्हणायची. "लेकराले घेऊन जाऊ आपण."

मे महिन्याच्या दहा तारखेला दुपारी वादळ झालं. पाऊस थोडाच, पण वारा असा की रामाकोन्याच्या रस्त्यावरचे अकरा खांब आडवे झाले. सगळ्या लाईनमनला गाडीत घालून तिकडं नेलं. दवाखान्याची लाईन बंद, पिण्याच्या पाण्याचे पंप बंद. कोणाला सुट्टी मागायची सोय नव्हती. तुळशीरामनं साहेबाला विचारून पाहिलं, "एक तास जाऊन येतो." साहेबानं कारण विचारलं. पक्षी, असं तो सांगू शकला नाही. तो खांबावर चढला. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ तिथंच गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बागेत पोचला तेव्हा मोतीराम खोपटीच्या दारात बसला होता. ढोलीचं लिंपण फुटलं होतं.

"काल फोडलं तिनं," म्हातारा म्हणाला. "दीड दिवस वाट पाह्यली. पिल्लं आरडून राहिले होते. मंग चोचीनं दार फोडलं अन् बाहेर आली. पंखं अर्धेच आलेले. उडालीच नाही, घसरत घसरत खाली आली. इथं संत्र्याखाली एक किडा धरला. गिळला नाही तिनं, चोचीत धरला अन् झाडाकडे निघाली. फांदीवरून फांदीवर उड्या मारत चढत होती. दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तवा कुत्र्यानं धरलं. मी धावलो रे, पण माहे पाय..."

तुळशीराम शिडी घेऊन वर गेला. दोन पिल्लं होती. एक थंड झालेलं. दुसऱ्याच्या पोटात अजून धुगधुगी होती. ते त्यानं गमछ्यात गुंडाळलं. खाली उतरल्यावर तो मोतीरामसमोर उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं.

"काकाजी, तो नर..."

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," मोतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "परका माणूस कोनाच्या लेकरासाठी एवढ्या खेपा करत नसते. जा. त्याले घरी ने."

इंदूनं पिल्लाला कापसात ठेवलं. भिजवलेली डाळ, वडाचं फळ कुस्करून, थेंब थेंब पाणी. नववा महिना भरत आलेला, तिला वाकवत नव्हतं, तरी दर तासाला ती त्या टोपलीपाशी बसायची. चार दिवस ते जगलं. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं मान टाकली. इंदूनं त्याला अंगणात कडुनिंबाखाली पुरलं आणि बराच वेळ हातावरची माती झटकली नाही.

"मायनं जीव देल्ला बिचारीनं," ती म्हणाली. "पण याचा बाप कसा मेला असन वो?"

तुळशीराम ओट्यावर बसला होता. त्याला वाटलं, आता सांगावं. त्यानं इंदूच्या पोटाकडं पाहिलं.

"कोन जाणे," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात इंदूला कळा आल्या. रजनी सिस्टर आल्या, त्यांनी नवं पातं उकळून घेतलं, वत्सलाबाईला हात धुवायला लावले. उन्हं कलायच्या आधी मुलगी झाली. सरळ, डोक्याकडून, ओरडत. आठवा दिवस आला तेव्हा तुळशीराम कामावर गेला नाही. दिवसभर तो बाळाच्या जबड्याकडं बघत बसला. नववा गेला, दहावा गेला. मुलगी दूध पीत होती, मुठी आवळत होती, हातपाय झाडत होती. तिचं नाव त्यांनी विशाखा ठेवलं. तुळशीराम तिचे लंगोट स्वतः धुवायचा. शेजारचे हसले तरी त्यानं सोडलं नाही. इंदू झोपली की तो पोरीला मांडीवर घेऊन बसायचा.

बाराव्या दिवशी वत्सलाबाई साडीचोळी घ्यायला आली, बायकांनी घर भरलं होतं, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "सुया टोचून लेकरं होत असते तं मंग काय पाहिजे होतं! धनेशाचं तेल लावलं म्हणून पोरगी वाचली. हा तुळशीराम स्वतः मारून घेऊन आल्ता. विचारा त्याले."

इंदूनं तुळशीरामकडं पाहिलं. तो दारात उभा होता. मग तिनं बायकांना चहा दिला, कुंकवाऐवजी प्रत्येकीला फूल दिलं, वत्सलाबाईला साडी दिली. सगळ्या गेल्यावर तिनं पोरीला पाळण्यात ठेवलं आणि समोर येऊन बसली.

"त्या बाटलीत धनेश होता?"

"हाव."

"त्याच झाडावरचा?"

"हाव."

"अन् मी नळावर सांगत फिरली का माहा माणूस..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. मग ती एकदम विचित्र आवाजात म्हणाली, "मी तं लावलंच नाही ते."

तुळशीरामला समजलं नाही.

"वास सहन होत नव्हता. मळमळे. मटण मी पहिल्याच दिवशी मांजरीले टाकलं, अन् तेल गटारीत सांडवून टाकलं. तुमी विचारलं तवा लावलं म्हणो. तुमाले बरं वाटावं म्हणून."

तुळशीरामच्या डोळ्यांसमोर सगळं उलट्या क्रमानं येऊन गेलं: कडुनिंबाखालची माती, फुटलेलं लिंपण, ती उघडी पडलेली चोच. आतापर्यंत तो स्वतःला एक गोष्ट सांगत आला होता, की केलं ते वाईट केलं पण पोरीसाठी केलं. तेवढाच त्याला आधार होता. आता तोही उरला नाही. इंदूनं त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त उठली आणि आत जाऊन पाळण्याची दोरी धरून बसली. पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. नंतर बोलू लागली, पण नळावर ती पुन्हा कधी त्याच्याबद्दल काही सांगताना दिसली नाही.

गोष्ट इथं संपली असती. पण वत्सलाबाईचं बोलणं वस्तीतून बाजारात गेलं, बाजारातून बसनं आणखी पुढं. दोन मुलं गेलेल्या बाईला धनेशाच्या तेलानं जिवंत मुलगी झाली, हे लोकांनी एकमेकांना सांगितलं. पावसाळा संपल्यावर पहिला माणूस विचारत आला. मग दुसरा. तुळशीरामनं प्रत्येकाला खरं सांगितलं. "तेल लावलंच नाही. गटारीत गेलं. सुयांनी वाचली पोरगी. रजनी सिस्टरकडे जा." लोक ऐकून घ्यायचे आणि इंदूच्या कडेवरच्या विशाखाकडं बघायचे. लपवून ठेवतो लेकाचा, असं एकजण निघताना म्हणालाही. इंदू स्वतः वत्सलाबाईकडं गेली, भांडली.

"बाई," वत्सलाबाई म्हणाली, "लोक तुह्या बोलण्याले नाही पाह्यत. तुह्या पोरीले पाह्यते."

पुढच्या उन्हाळ्यात मोतीरामनं त्याला सांगितलं की नदीपलीकडं एक ढोली कोणीतरी कुऱ्हाडीनं फोडली. नर सापडला नाही म्हणून मादीच नेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं काहीच सांगितलं नाही.

त्या वर्षी, पंच्याऐंशीच्या एप्रिलात, पांढुर्ण्याहून एक जोडपं आलं. दत्तात्रय नावाचा शाळामास्तर आणि त्याची बायको अलका. तिचा आठवा महिना असावा. उन्हात बसस्टँडवरून चालत आलेली, ओठ सुकलेले. दोन मुलं गेली होती तिची. तुळशीरामनं ते ऐकलं आणि त्याला मास्तरच्या चेहऱ्यात आपला चेहरा दिसला. इंदूनं तिला पाणी दिलं, चटईवर बसवलं, सगळं सांगितलं. अगदी हात जोडून सांगितलं. अलका ऐकत होती, पण तिची नजर विशाखावर होती. दोन वर्षांची पोर, वाटीतले मुरमुरे एक एक करून तोंडात टाकत होती. अलकानं हळूच हात पुढं केला आणि तिच्या केसांवरून फिरवला.

"सुया पण घेऊ, ताई," ती म्हणाली. "पण तेल पण लावून पाहू. त्यात काय नुकसान आहे?"

इंदूकडं त्याला उत्तर होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून तिच्यानं ते बोलवलं नाही.

दत्तात्रय उठला. "नदीकडं असतात म्हणे. मी बघून येतो." त्याच्या पिशवीत गुलेल होती. तुळशीरामनं सायकल काढली. "चला, मी येतो सोबत," तो म्हणाला. मास्तरला वाटलं, माणूस विरघळला. तुळशीरामच्या मनात वेगळं होतं: पक्षी दिसलाच तर आपण आधी ओरडू, हाताला धक्का देऊ, काहीही करू.

दुपारी दोनपासून ते जाम नदीच्या दोन्ही काठांनी फिरले. जुने वड पाहिले, उंबर पाहिले, बेहडे पाहिले. वडाखाली पिकलेल्या फळांचा सडा पडला होता आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. साळुंक्या होत्या, पोपट होते, हरियल होते. तुळशीराम प्रत्येक झाडाखाली जीव मुठीत धरून वर बघत होता. नाही. इथंही नाही. प्रत्येक रिकाम्या झाडापाशी त्याची छाती थोडी हलकी होत होती. रघुनाथरावांच्या बागेपाशी मोतीराम भेटला. मास्तरनं त्याला विचारलं, इकडं धनेश कुठं बसतात.

म्हाताऱ्यानं तुळशीरामकडं पाहिलंसुद्धा नाही. "बसत होते," तो म्हणाला.

सूर्य कलला तेव्हा दत्तात्रय थकून बांधावर बसला. "एकही नाही हो," तो वैतागून म्हणाला. "एवढं नाव ऐकून आलो."

"नाही दिसला," तुळशीराम म्हणाला. त्याला खरोखर सुटल्यासारखं वाटत होतं. त्यानं मास्तरला धीर दिला, सिस्टरांचा पत्ता लिहून दिला, बायकोला घेऊन उद्याच दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. पांढुर्ण्याच्या बसमध्ये दोघांना बसवून दिलं. अलकानं खिडकीतून हात जोडले. बस निघून गेली.

सायकल हातात धरून तो घराकडं चालू लागला आणि अर्ध्या रस्त्यात त्याचे पाय थांबले. सबंध दुपार ज्याला तो सुटका समजत होता, ते काय होतं हे त्याला तेव्हा उमगलं. चार तास, दोन्ही काठ, आणि धनेशाचा एक आवाज नाही.

इंदू दारातच होती. पोरगी तिच्या पायाला बिलगलेली.

"भेटला का?" तिनं विचारलं.

"नाही. एकही नाही भेटला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिनं पोरीला उचलून घेतलं.